रेकॉर्ड प्लेअरची हमिंग : कारण कसे शोधावे आणि कोठे थांबावे

लक्षणे

सुई तबकडीवर ठेवण्याआधीच, ॲम्प्लिफायरचा सिलेक्टर ‘फोनो’वर, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटवर, नेताक्षणी स्पीकरमधून खालच्या सुरातला एकसारखा ‘घूं’ असा आवाज येऊ लागतो. व्हॉल्यूम वाढवला की तोही वाढतो. टोनआर्मला (सुई धरणाऱ्या दांडीला) किंवा प्लेअरच्या धातूच्या भागाला बोट लावले की तो एकदम कमी होतो किंवा एकदम वाढतो. कधी तो एकाच स्पीकरमधून येतो. हिवाळ्यात जेमतेम ऐकू येणारी ही हमिंग नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागेपर्यंत असह्य होते आणि चांगला पाऊस पडून जमीन भिजली की पुष्कळ घरांत आपोआप ओसरते.

वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतील खेड्यांत रेकॉर्ड प्लेअर आणि स्टिरिओ जोडून देण्याचे व दुरुस्त करण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि मला सर्वांत जास्त वेळा याच तक्रारीसाठी बोलावले जाते. मी पोहोचतो तोपर्यंत अनेकांनी ॲम्प्लिफायर विकायला काढलेला असतो किंवा वडिलांच्या, आजोबांच्या हातचा प्लेअर माळ्यावर टाकायचे ठरवलेले असते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी यंत्र चांगले असते. दोष जोडणीत किंवा घराच्या अर्थिंगमध्ये असतो. म्हणून खालील क्रम पाळावा, असा माझा आग्रह आहे. आधी फुकट होणाऱ्या तपासण्या, मग थोड्या पैशांच्या आणि शेवटी वायरमन किंवा मेकॅनिक.

आवाज नेमका कोणता, हे आधी ठरवावे

सुई उचललेली असतानाही आवाज येत असेल तरच हा लेख उपयोगी आहे. सुई फिरत्या तबकडीवर टेकल्यावरच गडगड ऐकू येत असेल तर मोटारीचे रबर, रबराचे चाक किंवा बेअरिंग यांकडे पाहावे लागते. व्हॉल्यूम एका मर्यादेपुढे नेल्यावर हुंकार स्वतःहून वाढत जात असेल तर स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोहोचत आहे. स्पीकर आणि प्लेअर एकाच टेबलावर किंवा एकाच लाकडी कपाटावर ठेवू नयेत, एवढाच त्यावर उपाय आहे. थांबून थांबून येणारी ‘टर्रर्र’ जवळ ठेवलेल्या मोबाइलची असते.

उरतात दोन आवाज आणि त्यांतला फरक कानाने ओळखता येतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. त्या ५० हर्ट्झची हमिंग गोल, खालची आणि मऊ असते. ती बहुधा कार्ट्रिज (टोनआर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला छोटा भाग), वायर किंवा अर्थिंग यांतून शिरते. १०० हर्ट्झची हमिंग तिच्यापेक्षा एक सप्तक वर आणि थोडी खरखरीत असते. ती बऱ्याचदा ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमधून येते, कारण एसीचे डीसी करताना प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे भाग वापरले जातात.

फोनोवरच हमिंग का येते

चुंबकी कार्ट्रिज जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा सिग्नल देते. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो, म्हणजे त्याच्या कित्येक शे पट. म्हणून फोनोचा सिग्नल आधी साधारण शंभर पट वाढवावा लागतो. शिवाय तबकडी कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात आणि ऐकताना ते पुन्हा उचलावे लागतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए या प्रमाणानुसार ५० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे सात पट अधिक वाढवला जातो, म्हणजे मूळच्या शंभर पटीऐवजी जवळजवळ सातशे पट. विजेची हमिंग नेमकी त्याच जागी बसते. टीव्ही किंवा टेप लावला असता जी गळती कधीच कानावर पडत नाही, ती फोनोवर स्पष्ट ऐकू येते, ती यामुळेच. फक्त फोनोवर हमिंग येते म्हणून प्लेअर बिघडला आहे असा निष्कर्ष काढू नये.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी व्हॉल्यूमच्या बटणाची. व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणावा. हमिंग तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आतल्या भागात आहे आणि पुढील बाहेरच्या तपासण्यांत वेळ घालवण्यात अर्थ नाही. थेट शेवटच्या भागाकडे जावे. व्हॉल्यूमबरोबर ती नाहीशी झाली तर सिलेक्टर ऑक्स (इतर यंत्रांसाठीचे इनपुट) किंवा टेपवर नेऊन व्हॉल्यूम पुन्हा वाढवून पाहावा. तेथे शांतता असेल तर ॲम्प्लिफायरचा मुख्य भाग ठीक आहे.

दुसरी तपासणी, वायर योग्य जागी लागली आहे का. चुंबकी कार्ट्रिजचा प्लेअर ऑक्सला लावला तर आवाज बारीक आणि पातळ येतो. मग व्हॉल्यूम खूप वाढवावा लागतो आणि त्याबरोबर हमिंगही वर येते. बऱ्याच नव्या प्लेअरमध्ये फोनो प्री-ॲम्प (फोनोचा सिग्नल आधी वाढवणारा भाग) आतच असतो आणि मागे ‘फोनो/लाइन’ असा छोटा स्विच असतो. तो ‘लाइन’वर असताना वायर ॲम्प्लिफायरच्या फोनोला लावली तर सिग्नल दोनदा वाढतो आणि आवाज फाटतो. एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या पेटीवजा प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते. ते कितीतरी मोठा सिग्नल देते आणि त्याला फोनो इनपुट लागतच नाही.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची, कारण सर्वांत जास्त वेळा दोष येथेच सापडतो. प्लेअरच्या मागून दोन सिग्नल वायरींसोबत एक बारीक, एकटी वायर निघते आणि तिच्या टोकाला इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पट्टी असते. ही वायर ॲम्प्लिफायरच्या मागील ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट बसली पाहिजे. टोनआर्मची नळी, मोटारीचे कवच आणि प्लेअरचा पत्रा यांच्यावर आसपासच्या विजेमुळे थोडा विद्युतभार सतत चढत असतो. त्याला या वायरीतून ॲम्प्लिफायरच्या पत्र्याकडे वाट मिळते. वायर नसेल तर तो सिग्नलच्या वायरीतून वाट काढतो आणि शंभर-सातशे पट वाढून स्पीकरमध्ये येतो. टोनआर्मला बोट लावल्यावर हमिंग बदलते तेव्हा आपले शरीर त्या वाटेचे काम करत असते, म्हणून हे लक्षण दिसले की सर्वप्रथम याच वायरीकडे पाहावे.

वायर जोडलेली दिसते म्हणून समाधान मानू नये. स्क्रूखाली गंज असतो, पट्टी हलत असते किंवा आवरणाच्या आत तार तुटलेली असते. घर बदलताना, रंगकाम करताना ही वायर निरुपयोगी समजून कापून टाकलेलीही मी पाहिली आहे. स्क्रू काढून पट्टी आणि स्क्रूखालची जागा बारीक पॉलिश कागदाने चकाकेपर्यंत घासावी आणि पुन्हा आवळावे. आत तार तुटल्याची शंका असेल तर साध्या तांब्याच्या वायरीचा एक तुकडा प्लेअरच्या धातूच्या भागापासून ॲम्प्लिफायरच्या स्क्रूपर्यंत तात्पुरता लावून ऐकावे. हमिंग गेली तर कारण सापडले. काही प्लेअरमध्ये ही वायर मुळातच नसते, कारण त्यांची अर्थ एका चॅनेलच्या सिग्नल वायरीभोवती असलेल्या तारांच्या जाळीतून जोडलेली असते. रेगा कंपनीचे प्लेअर असे असतात. त्यांना वेगळी वायर शोधत बसू नये.

येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. ही वायर खिडकीच्या गजाला, नळाच्या पाइपला किंवा सॉकेटच्या कोणत्याही छिद्रात कधीही लावू नये. न्यूट्रलला लावली आणि डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) घरापर्यंत कोठेही न्यूट्रल तुटला, तर प्लेअरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात. खेड्यांत वादळी पावसात तार तुटणे किती नेहमीचे आहे, हे सर्वांना ठाऊक आहे.

चौथी तपासणी अंतराची. ॲम्प्लिफायर आणि स्टॅबिलायझर यांच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो व त्याचे चुंबकी क्षेत्र कार्ट्रिजच्या वेटोळ्यांत थेट हमिंग निर्माण करते. जागा कमी म्हणून प्लेअर ॲम्प्लिफायरवर किंवा स्टॅबिलायझरच्या शेजारी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. चालू अवस्थेत टोनआर्म तबकडीच्या बाहेरून आत हळूहळू, सुई न टेकवता न्यावा. एका बाजूला हमिंग वाढत आणि दुसऱ्या बाजूला कमी होत असेल तर कारण हेच आहे. प्लेअर हातभर दूर सरकवावा, सिग्नलच्या वायरी विजेच्या वायरींपासून वेगळ्या न्याव्यात आणि एकमेकींवरून जावेच लागले तर काटकोनात जाऊ द्याव्यात.

एकाच स्पीकरमधून हमिंग येत असेल तर

येथे डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करून पाहावी. ॲम्प्लिफायर आधी बंद करावा, कारण चालू असताना फोनोची पिन काढली तर जो धमाका होतो त्याने स्पीकर जाऊ शकतो. मग ॲम्प्लिफायरच्या मागील डावी आणि उजवी पिन परस्परांच्या जागी लावून पुन्हा ऐकावे. हमिंग दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर दोष प्लेअर, कार्ट्रिज किंवा वायर यांत आहे. ती त्याच स्पीकरमध्ये राहिली तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये आहे. या एका तपासणीने अर्धा शोध संपतो.

दोष प्लेअरच्या बाजूला निघाला तर सर्व पिना स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसाव्यात. आपल्याकडील काळ्या मातीची बारीक धूळ पावसाळ्याच्या दमटपणात पिनांवर घट्ट थर धरते आणि तेथे जोडणी अर्धवट राहते. हेडशेल (टोनआर्मचा पुढचा, कार्ट्रिज बसवलेला भाग) काढता येण्याजोगे असेल तर ते काढून मागील चार टोके पुसावीत व परत बसवून कडी आवळावी. कार्ट्रिजच्या मागे चार बारीक क्लिपा असतात : पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलची, लाल आणि हिरवी उजव्या चॅनेलची. निळी किंवा हिरवी सैल झाली तर त्या चॅनेलवर जोराची हमिंग येते. क्लिप चिमट्याने हलकेच दाबून बसवावी. त्या जागी सोल्डरिंग मात्र करू नये, कारण उष्णतेने कार्ट्रिजच्या आतली केसाएवढी तार सुटते.

जुन्या संचांत पाच पिनांची डिन जोडणी असते आणि ती आरसीएवर, म्हणजे डाव्या-उजव्या वेगळ्या पिनांवर, नेण्यासाठी बाजारातून आणलेल्या वायरीत पिनांचा क्रम नेहमी सारखा नसतो. ॲम्प्लिफायर बदलल्यापासून हमिंग सुरू झाली असेल तर या वायरीवर पहिला संशय घ्यावा.

रिकाम्या फोनो इनपुटवर व्हॉल्यूम वाढवून ऐकल्यास थोडी घरघर येतेच. तेथे काही जोडलेले नसल्यामुळे ते इनपुट हवेतील हमिंग ओढते. तेवढ्यावरून ॲम्प्लिफायरला दोष देऊ नये.

घरातील इतर वस्तू

आता एकेक वस्तू बाजूला करून पाहावी. सर्वांत आधी टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स. टीव्हीचा आवाज याच ॲम्प्लिफायरमधून येत असेल तर छतावरील डिशची केबल, टीव्ही आणि ॲम्प्लिफायर मिळून अर्थची दुसरी वाट तयार करतात आणि दोन वाटांच्या मधल्या फरकाने सिग्नलच्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो. टीव्हीकडून आलेली वायर ॲम्प्लिफायरमधून काढताच हमिंग थांबली तर कारण तेच. प्लेअर, प्री-ॲम्प, ॲम्प्लिफायर आणि टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावल्याने हा फरक बऱ्याच अंशी मिटतो.

त्यानंतर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर वीज आली की मऊ हमिंगच्या जागी तीक्ष्ण ‘झर्रर्र’ सुरू होते. हा यंत्राचा दोष नाही. प्लेअरच्या मोटारीलाही असली वीज मानवत नाही, म्हणून लोडशेडिंगच्या वेळी तबकडी लावणे टाळावे किंवा साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा.

शेवटी कुलर. विदर्भातल्या उन्हाळ्यात हमिंग का वाढते याचे अर्धे उत्तर कुलरमध्ये आहे आणि उरलेले जमिनीत. पत्र्याचा कुलर, सतत ओली राहणारी मोटार आणि पाण्याचा पंप यांतून थोडी वीज पत्र्यावर झिरपते. घराची अर्थिंग चांगली असेल तर ती निमूटपणे जमिनीत जाते. ती खराब असेल तर हीच गळती घरभर फिरणाऱ्या सामाईक अर्थच्या वायरीवर साचते आणि त्या वायरीला जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर, म्हणजे ॲम्प्लिफायरवरही, पोहोचते. कुलर बंद करून त्याची पिन सॉकेटमधून पूर्ण काढावी आणि हमिंग ऐकावी. ती लक्षणीय कमी झाली तर रेकॉर्ड प्लेअर विसरून जावे आणि आधी कुलर व अर्थिंग दुरुस्त करून घ्यावी. त्या हमिंगने जिवाच्या धोक्याची सूचना दिली आहे, हे मी प्रत्येक घरात सांगतो आणि येथेही तितक्याच कळकळीने लिहितो.

जमीन आणि अर्थिंग

आपली काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. पण ती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते, त्यामुळे उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या पाइपभोवतीची माती अशी आकसून पाइपापासून सुटली की पाइप जमिनीत असूनही जमिनीशी त्याचा संबंध उरत नाही. पाइप सुमारे अडीच मीटर खोल असावा, भोवती कोळसा आणि मीठ असावे, वर पाणी घालण्यासाठी तोंड असावे, अशी पाइप अर्थिंगची रूढ पद्धत आहे. खेड्यांतील अनेक घरांत मात्र लोखंडाची एक छोटी सळई ठोकलेली असते किंवा मिठाने पाइप आतून कुजलेला असतो. कधी सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्रामागे वायरच नसते.

यात घरच्या माणसाने करण्यासारखे काम एकच आहे : संध्याकाळी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतावे आणि दुसऱ्या दिवशी हमिंग ऐकावी. कमी झाली तर निदान झाले. पाणी घालणे हा तात्पुरता इलाज आहे. पाइपाच्या तोंडाशी असलेला नट-बोल्ट, वायर आणि गरज असल्यास संपूर्ण खड्डा नव्याने करून घ्यावा.

हमिंग घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने हमिंग कधीकधी जातेही, कारण दोन वाटांपैकी एक तुटते. पण त्याबरोबर पत्र्यावर आलेली वीज जमिनीत नेणारी एकमेव वाटही तुटते. हा उपाय कोणीही करू नये आणि दुसऱ्याला सांगू नये. मुळातच दोन पिनांचा प्लग असलेल्या जुन्या प्लेअरचा प्लग उलटा फिरवून लावून पाहण्यास हरकत नाही. काही ट्रान्सफॉर्मरांची गळती त्याने कमी होते.

येथे थांबावे

प्लेअर, ॲम्प्लिफायर किंवा कुलरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला बोलावावे. टेस्टर लावून स्वतः खात्री करत बसू नये. घरातील दिवे आपोआप प्रखर आणि मंद होत असतील तर न्यूट्रल सैल झालेला असतो. त्या वेळी मेन बंद करून लाइनमनला कळवावे, खांबावर किंवा डीपीवर स्वतः जाऊ नये. अर्थ आणि न्यूट्रल यांमधील व्होल्टेज मोजणे, बल्ब लावून अर्थिंग तपासणे, सॉकेट उघडणे ही कामे परवानाधारक वायरमनची आहेत. त्याला बोलावलेच आहे तर मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्यावी. तिचा हमिंगशी संबंध नाही. घरात कुलर असताना ती असलीच पाहिजे.

व्हॉल्यूम शून्यावर असूनही, सर्व इनपुटवर, खरखरीत हमिंग येत असेल तर ॲम्प्लिफायरचे फिल्टर कॅपॅसिटर (पॉवर सप्लायची डीसी वीज सपाट करणारे भाग) वाळलेले असण्याची शक्यता मोठी आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या संचात, आणि आपल्याकडील उष्णतेत, ते वाळतातच. ते बदलता येतात आणि बदलावेत, परंतु ॲम्प्लिफायरचे झाकण घरी उघडू नये. पिन काढल्यावरही हे कॅपॅसिटर वीज धरून ठेवतात आणि व्हॉल्व्हच्या संचात तर ती काही शे व्होल्टची असते.

मेकॅनिककडे जाताना केवळ ‘आवाज येतो’ असे सांगू नये. हमिंग कोणत्या इनपुटवर आहे, व्हॉल्यूमबरोबर बदलते का, कोणत्या स्पीकरमध्ये आहे, वायरींच्या अदलाबदलीनंतर ती कोठे गेली, कुलर बंद केल्यावर काय झाले, हे एका कागदावर लिहून द्यावे. त्यामुळे त्याचा वेळ वाचतो आणि न बिघडलेले भाग बदलले जाण्याची शक्यता कमी होते. दोष ॲम्प्लिफायरमध्ये ठरला असेल तर एकटा ॲम्प्लिफायर न्यावा. प्लेअर न्यायचाच असेल तर टोनआर्म स्टँडवर बांधावा, सुईवर टोपी लावावी, वरची थाळी काढून वेगळी गुंडाळावी आणि एसटीच्या प्रवासात तो मांडीवर आडवा धरावा.